वहीच्या तारणावर

नागपूरच्या महालात घर गहाण ठेवायचं म्हटलं, की आधी वारसांची यादी काढावी लागते. बडकस चौकाच्या मागच्या आमच्या गल्लीत एकेका आखीव पत्रिकेवर आजोबा-पणजोबांची नावं आहेत. हिस्सेदारांतले निम्मे पुण्या-मुंबईला, आणि घरात राहणारे बहुतेक जुने भाडेकरू. अशा वस्तीतली बाई कर्ज मागायला गेली आणि समोरच्याने ‘तारण काय?’ विचारलं, की तिच्याजवळ दाखवायला काहीच नसतं.

आमचा बचत गट कापडी पिशव्या शिवतो. २०१८ च्या मार्चमध्ये राज्य सरकारने प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी आणली आणि इतवारी, महालातले दुकानदार कापडी पिशवी विचारू लागले. गटात धुणीभांडी करणाऱ्या आहेत, नवरा गेलेल्या आहेत, घर एकटीच्या जिवावर चालवणाऱ्या आहेत. नफा वाटून घेण्याआधी त्यातून नव्याने येणाऱ्या बाईसाठी शिलाई मशीन घ्यायची, हा ठराव आम्ही पहिल्याच वर्षी केला. हिशेबाची वही तेव्हापासून माझ्याकडे आहे.

खातं उघडायला गेलो, तर शाखेत सगळ्या सदस्यांची कागदपत्रं मागितली. कुणाच्या आधारवर माहेरचं नाव, कुणाचा पत्ता जुन्या खोलीचा. गल्लीतले एक निवृत्त बँक अधिकारी काका मदतीला आले. रिझर्व्ह बँकेचा नियम त्यांनी छापून आणला होता: गटाचं बचत खातं उघडताना पदाधिकाऱ्यांची ओळखपत्रं पुरेशी आहेत, बाकीच्यांची कर्जाच्या वेळी पाहता येतात. काका म्हणाले, “पोरी, भांडू नको, वाचून दाखव.” मी वाचून दाखवलं. साहेबांनीही तो कागद नीट वाचला आणि खातं उघडलं. नियम गरिबाच्या बाजूने असतो, पण तो काउंटरपर्यंत पोचवणारं माणूस लागतं. ते माणूस प्रत्येक गल्लीत नसतं, याची मला फार खंत आहे.

तारणाचं उत्तरही आधीपासून तयार होतं. नाबार्डने १९९२ मध्ये ५०० गटांपासून गट आणि बँक जोडण्याचा प्रयोग सुरू केला, त्याचा पायाच हा होता की गहाण काही नको, गटाची शिस्त पाहा आणि बचतीच्या चौपटीपर्यंत कर्ज द्या. नियमित बैठक, नियमित बचत, आपसातलं कर्ज, वेळेवर परतफेड, चोख हिशेब, ही पंचसूत्री आम्ही सांभाळलीच होती. आपसात आम्ही शेकडा दोन रुपये महिना व्याज घेतो. ते सावकाराच्या घरी न जाता गटातच राहतं. पहिलं कर्ज मंजूर झालं तेव्हा आमच्यातली सगळ्यात म्हातारी आजी मला म्हणाली, “माह्या सहीनं बँक पैसे देऊन राहिली का वो?” ती सही करायला त्याच वर्षी शिकली होती.

साताऱ्यातल्या म्हसवडची गोष्ट मी बैठकीत नेहमी सांगते. चेतना गाला सिन्हा यांनी तिथल्या बायकांना घेऊन बँक काढायचं ठरवलं, तेव्हा संस्थापक बायका निरक्षर म्हणून रिझर्व्ह बँकेने अर्ज नाकारला. त्या बायका लिहायला-वाचायला शिकल्या, पुन्हा गेल्या आणि अधिकाऱ्यांना म्हणाल्या, आम्हाला व्याजाचं गणित घाला, आम्ही तोंडी करतो, तुम्हीही यंत्राशिवाय करून पाहा. १९९७ मध्ये माणदेशी महिला सहकारी बँक उभी राहिली.

खरी ओढाताण मात्र कर्ज मिळाल्यानंतर सुरू झाली. गांधीबागेतला कापडाचा व्यापारी रोख मागतो. एका मोठ्या संस्थेने पिशव्यांची ऑर्डर दिली, माल उचलला आणि पैसे कित्येक आठवडे दिले नाहीत. इकडे बँकेचा हप्ता पुढच्याच महिन्यापासून चालू. नफ्यातला उद्योग हातात रोकड नाही म्हणून अडतो, हे तेव्हा कळलं. बायकांनी घरातून शंभर-पन्नास आणून हप्ता भरला, थकू दिला नाही.

दुसऱ्या एका बँकेच्या तरुण अधिकारी ताई चौकशीला आल्या आणि थेट आमच्या खोलीत बसल्या. कापड कधी घेता, बिल कधी सुटतं, मंदी कोणत्या महिन्यात, असं विचारत त्यांनी वही पानापानाने पाहिली. मग म्हणाल्या, “तुम्हाला हप्त्याचं कर्ज नकोच, कॅश क्रेडिट हवं.” म्हणजे मर्यादा ठरलेली, लागेल तेवढे उचलायचे, आले की भरायचे, आणि उचलल्या रकमेवरच व्याज. त्यांनीच उद्यम नोंदणी करायला लावली आणि सांगितलं, की नोंदणी असलेल्या सूक्ष्म उद्योगाचं बिल जास्तीत जास्त ४५ दिवसांत चुकतं करणं २००६ च्या कायद्याने बंधनकारक आहे. आता प्रत्येक बिलाखाली ती ओळ मी ठळक अक्षरात लिहिते. व्याजदर अर्ध्या टक्क्याने कमी की जास्त, यापेक्षा त्यांची ती दुपार आम्हाला मोलाची ठरली, आणि असं बसून ऐकणं बँकेच्या कामाचाच भाग धरलं जावं असं मला मनापासून वाटतं.

दिवाळीच्या ऑर्डरी यायच्या आत कॅश क्रेडिटची मर्यादा वाढवून मागायची आहे. अर्ज आणि ठराव झाले आहेत. ताळेबंदावर सनदी लेखापालांची सही तेवढी बाकी आहे. शेजारच्या पापडवाल्या गटाची वहीही सध्या मी बघते, कारण त्यांना पुढच्या महिन्यात त्याच शाखेत जायचं आहे.