रूमी उस्तादाची तोफ

सातवीला निजामशाही शिकवत होतो. अंधेरीतली आमची शाळा, वर्गात बहुतेक मुलं आपलीच. एकाने विचारलं, ‘सर, मलिक-ए-मैदान तोफ आपली की त्यांची?’ आम्ही क्षणभर गप्प झालो. हल्ली मुलांच्या कानांवर काय पडतं, ते त्या प्रश्नात होतं.

फळ्यावर नाव लिहिलं : मुहम्मद बिन हसन रूमी. १५४९ साली अहमदनगरात ही सुमारे ५५ टनांची तोफ त्याने ओतली. सूरह रूम वाचलेल्या मुलांना रूम म्हणजे बायझंटाईन राज्य, हे ठाऊक होतं. पुढे तो मुलूख घेणाऱ्या तुर्कांनाही लोक रूमी म्हणू लागले. १४५३ मध्ये कुस्तुनतुनिया पडलं, तेव्हा सुलतान मुहम्मद फातेहसाठी अजस्र तोफ ओतणारा ऑर्बन ख्रिस्ती होता, हंगेरीचा. आधी तो कैसरकडेच होता, पण तिथे पगार धड मिळेना!

आणि आमची तोफ? निजामशहाने ओतवलेली. १६३२ मध्ये परांड्याहून ती विजापूरला नेली आदिलशाहीच्या मुरारपंतांनी, म्हणजे एका सुलतानाची तोफ दुसऱ्या सुलतानासाठी एका ब्राह्मण सरदाराने. ओढायला ४०० बैल आणि १० हत्ती लागले, असं सांगतात.

त्याच मुलाने पुन्हा हात वर केला : ‘सर, आणि बैल कोणाचे?’

‘शेतकऱ्यांचे असणार,’ आम्ही म्हणालो. तेवढ्यात घंटा झाली.