शेतातली उमेदवारी

'उमेदवारी' हा शब्द आता निवडणुकीपुरताच उरला आहे. पूर्वी सुताराकडे, सोनाराकडे किंवा छापखान्यात कामाला लागलेला मुलगा पहिली काही वर्षे उमेदवारी करीत असे. हत्यार हाती येण्यापूर्वी तो नुसता पाहत असे, उचलून देत असे, बोलणी खात असे. आम्हां धर्मगुरूंचेही थोडेबहुत तसेच झाले. तत्त्वज्ञान आणि ईशज्ञान आम्ही सेमिनरीच्या वर्गात शिकलो. परंतु मरणासन्न माणसाच्या उशाशी किती बोलावे आणि केव्हा गप्प बसावे, हे एका वृद्ध धर्मगुरूंच्या मागून घरोघर हिंडताना कळले. शेती मात्र कोणालाही आपोआप येते, अशी आपली समजूत आहे.

महाड-पोलादपूरच्या बाजूला आमचे जाणे-येणे असते. महाबळेश्वरी उगम पावलेली सावित्री या दोन्ही तालुक्यांतून बाणकोटच्या खाडीकडे जाते. वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस. खाली खाचरांत भात, वर वरकस उतारावर नाचणी आणि वरी. गडी माणूस मुंबईला आणि शेती म्हाताऱ्यांच्या व बायकांच्या अंगावर, ही येथली कित्येक पिढ्यांची रीत. २०२० च्या टाळेबंदीत काही तरुण गावी परतले आणि त्यांतले काही राहिले. रासायनिक खताविना शेती करण्याची त्यांना मनापासून हौस आहे. जीवामृतात शेण किती, गूळ किती, हे त्यांना तोंडपाठ असते. पण आपल्या कोणत्या तुकड्यात पाणी किती दिवस ठरते, हे त्यांना कोणी सांगितलेले नसते.

अशाच एका तरुणाच्या शेतावर आम्ही गेलो होतो. त्याने नाचणी दाट लावली होती. शेजारच्या आजी बांधावर उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "बाला, एवढ्या दाटीत कणीस भरत नाय. अंतर ठेव." मग त्यांनी स्वतः वाकून रोपे विरळ करून दाखविली. जाता जाता हेही सांगितले की, वरच्या हलक्या जमिनीतले पाणी लवकर सरते, तेथे हळवे भात हवे. गरवे भात खालच्या खोलगट खाचरात. हे ज्ञान पुस्तकात नाही असे नव्हे. परंतु 'वरची जमीन' म्हणजे नेमका कोणता बांध, हे पुस्तकाला ठाऊक नसते.

म्हणून जुने ते सर्वच शिरोधार्य मानावे काय? राबाचेच उदाहरण घ्या. पेरणीपूर्वी रोपांच्या जागेवर शेण, पालापाचोळा आणि टहाळ पसरून जाळतात. त्याने तणाचे बी मरते, राख मिळते. पण त्यासाठी दरसाल झाडे सवळली जातात, डोंगर उघडा होतो आणि मातीत जायचा पाला धूर होतो. आपल्याच रायगड जिल्ह्यात, नेरळच्या सगुणाबागेत, चंद्रशेखर भडसावळे यांनी रुजविलेल्या सगुणा भात तंत्रात चिखलणी नाही, लावणी नाही, म्हणून राबही नाही. गादीवाफ्यावर भात टोकायचे आणि कापणीनंतर मुळे जमिनीतच कुजू द्यायची. या पद्धतीत तणनाशक वापरले जाते. सेंद्रिय शेतीवाल्यांना ते मान्य होण्याजोगे नाही. नव्या शेतकऱ्याला हे दोन्ही बाजूंनी पारखता यावे लागते. तेवढ्यासाठी त्याला एक आजी हवी, एक प्रयोग करणारा शेजारी हवा आणि वेळही हवा.

असे शिक्षण अन्यत्र घडले आहे. इंडोनेशियात कीटकनाशकांच्या माऱ्याने भातावरच्या तुडतुड्यांचे शत्रू, म्हणजे कोळ्यांसारखे जीवच मेले आणि तुडतुडे अधिकच माजले. १९८६ साली तेथील सरकारने भातावरील सत्तावन्न कीटकनाशकांवर बंदी घातली आणि १९८९ पासून शेतातच शाळा भरू लागल्या. पंचवीसएक शेतकरी लावणीपासून कापणीपर्यंत आठवड्यातून एकदा जमत, शेतातले किडे मोजत आणि काय करायचे ते स्वतः ठरवीत. आपल्या कृषी खात्याची 'शेतीशाळा' याच कल्पनेतून आली. महाराष्ट्रात तर त्याही आधी श्रीपाद अच्युत दाभोळकर या गणिताच्या प्राध्यापकांनी 'प्रयोग परिवार' उभा केला होता. तासगावकडच्या द्राक्ष बागायतदारांनी त्यातून एकमेकांनाच गुरू केले. ज्याने प्रयोग केला त्याने तो दुसऱ्याला सांगायचा, एवढीच तेथील दक्षिणा.

आमच्या या दोन तालुक्यांत मात्र सवड थोडी आहे. २२ जुलै २०२१ रोजी महाड तालुक्यातील तळिये येथे दरड कोसळून ऐंशीहून अधिक माणसे गेली. पोलादपुरात केवनाळे आणि साखर-सुतारवाडीवरही तोच घाला आला. घरे पुन्हा बांधता येतात. पण त्या उतारावरच्या पाण्याची आणि बियाण्याची जी आठवण त्या माणसांबरोबर गेली, ती कोठून आणणार? आणि दरडीविनाही ती दरवर्षी एकेका अंत्यविधीबरोबर जातच आहे.

म्हणून आम्हांला वाटते, दोन दिवसांच्या शिबिराने आणि प्रमाणपत्राने भागणार नाही. नव्या माणसाला रोहिणी नक्षत्रापासून मळणीपर्यंत एक पुरा हंगाम एका अनुभवी शेतकऱ्याच्या हाताखाली काढू द्यावा. त्याला स्वतःचे म्हणून चार-पाच गुंठे द्यावेत, म्हणजे फसले तरी घर उपाशी राहणार नाही. आणि शिकविणाऱ्या आजीला त्याबद्दल रोख मानधन द्यावे. तिचे ज्ञान फुकट मिळते म्हणूनच आपण ते ज्ञान मानीत नाही. आमच्या धर्मग्रामांकडे आणि संस्थांकडे जेथे पडीक जमीन असेल, तेथे एवढे करणे अवघड नाही. मुलांना शिकविण्यासाठी आपण शाळा काढल्या. आता त्यांच्या आज्यांना शिकवू देण्याची सोय करायची आहे. येत्या रोहिणीच्या आत कोठेतरी दोन उमेदवार आणि एक आजी मिळाल्या, तर सुरुवातीला तेवढे पुरे आहे.