खिद्रापूरचा कोपेश्वर

महाराष्ट्राच्या दक्षिण सीमेवर, कृष्णेच्या कांठीं, कोल्हापूर जिल्ह्यांतील शिरोळ तालुक्यांत खिद्रापूर नांवाचें एक लहानसें गांव आहे. उंसाच्या मळ्यांतून जाणारा रस्ता धरून गांवांत शिरावें, म्हणजे कोपेश्वराच्या पुरातन देवालयाचें दर्शन घडतें. शिल्पाचे अभ्यासक तें पाहावयास दुरून येतात. परंतु आमच्या घराण्याचा या देवाशीं जडलेला संबंध शिल्पामुळें जडलेला नाहीं. तीन पिढ्या आम्ही तेथें अभिषेकासाठीं जात आलों आहोंत, आणि तें देवालय मला जें कांहीं उमगलें, तें पूजेच्या निमित्तानेंच उमगलें.

या देवालयांत यात्रेकरूचें पहिलें पाऊल पडतें तें स्वर्गमंडपांत. ४८ खांबांवर उभ्या असलेल्या या मंडपास भिंती नाहींत, आणि छताच्या मध्यभागीं सुमारें १३ फूट व्यासाचें वर्तुळाकार गवाक्ष मोकळें सोडलेलें आहे. त्याच्या बरोबर खालीं तशीच वाटोळी शिळा बसविलेली आहे. तिच्याभोंवतीं १२ खांब असून, वर दिक्पाल आपापल्या वाहनांसह कोरलेले आहेत. लहानपणीं मी हे सारे खांब मोजीत असें, आणि दर वेळीं आंकडा निराळा येई. तेथून सभामंडपांत गेलें कीं उजेड एकदम मंदावतो. दगडी जाळ्यांतून गाळून आल्यासारखा थोडा प्रकाश गुळगुळीत खांबांवर पडलेला असतो. गाभाऱ्यांत तर समईखेरीज कांहीं दिसत नाहीं. उघड्या आकाशाखालून निघून पायरीपायरीनें अंधारांत शिरावें, आणि त्या अंधारांत देव भेटावा, अशी ही योजना आहे. मन आपोआप स्थिर होत जातें.

शिवालय म्हटलें कीं देवासमोर नंदी असावयाचाच. पण येथें तो नाहीं. गाभाऱ्यांत लिंगें मात्र दोन आहेत. एक कोपेश्वर, म्हणजे शंकर. आणि दुसरें धोपेश्वर, म्हणजे साक्षात् विष्णु. परंपरेनें चालत आलेली कथा अशी कीं, दक्षाच्या यज्ञास सती नंदीवर बसून गेली, आणि तेथें झालेल्या अपमानानें तिनें देहत्याग केला. शंकर अनावर कोपले. तेव्हां विष्णूनें त्यांस या स्थळीं आणून शांत केलें. नंदी सतीबरोबर गेलेला, म्हणून तो कर्नाटकांतील येडूर या गांवीं आहे, असें भाविक मानतात.

या कथेचा अर्थ मला आजीनें सांगितला. किंबहुना करून दाखविला. इ. स. १९६८ सालीं आमच्या घरीं वाटणीचा प्रश्न निघाला होता. थोरले काका आणि वडील एकमेकांशीं बोलेनासे झाले होते, आणि वाड्याच्या चौकांत भिंत घालण्यापर्यंत मजल गेली होती. आजीनें कोणाचीच बाजू घेतली नाहीं. कार्तिकी पौर्णिमेस खिद्रापुरीं एकादशणी करावयाची आहे आणि दोघांनीं बसावयाचें आहे, एवढेंच तिनें सांगितलें. जयसिंगपूरपर्यंत आगगाडी, पुढें कुरुंदवाडपर्यंत एस. टी., आणि शेवटचा टप्पा बैलगाडीनें, असा तो प्रवास झाला. साऱ्या वाटेंत दोघां भावांनीं एकमेकांकडे पाहिलें नाहीं. मी त्या वेळीं नऊ वर्षांचा होतों; दोघांच्या मध्यें मला बसविलेलें होतें.

पूजेच्या वेळीं काका कोपेश्वरापाशीं बसले, आणि आजीनें वडिलांस धोपेश्वरापाशीं बसविलें. जागा अगदीं अपुरी; गुडघ्यास गुडघा लागत होता. पाण्याचा तांब्या एकच होता. एकानें धार धरावी व तांब्या दुसऱ्याच्या हातीं द्यावा, असा क्रम रुद्राची अकरा आवर्तनें होईपर्यंत चालला. कोणी कांहीं बोललें नाहीं. बाहेर आल्यावर मीं आजीस विचारलें कीं, महादेवाच्या देवळांत विष्णु कां? ती म्हणाली, “अरे, रागावलेल्या माणसाजवळ कोणीतरी बसावें लागतें. समजूत घालणें पुढची गोष्ट. आधीं जवळ बसावयाचें.” हे शब्द दोघांच्याही कानीं जावेत इतक्या मोठ्यानें ती बोलली.

त्या रात्रीं पौर्णिमेचा चंद्र गवाक्षावर आला, आणि वाटोळी शिळा दुधासारखी उजळली. आम्ही सारीं कठड्याशीं बसून होतों. वाटणी पुढें झाली ती झालीच, आणि भिंतही उभी राहिली. परंतु त्या भिंतींत एक दार ठेवावें, असें काकांनीं सुचविलें व वडिलांनीं तें मान्य केलें. आजी असेपर्यंत त्या दारास कडी लागली नाहीं.

मोठेपणीं इतिहास वाचूं लागलों, तेव्हां या देवालयाचें दुसरें रूप कळलें. शिलाहारांच्या राज्यांतील हें देवस्थान यादवांच्या सत्तेखालीं आलें, आणि यादव राजा सिंघण यानें शके ११३६ मध्यें कोपेश्वराच्या पूजेअर्चेसाठीं गांव इनाम दिल्याचा शिलालेख येथें आहे. तो राजा गेला, त्याचें राज्य गेलें. देवालयाच्या पायथ्याशीं त्याचा भार वाहणाऱ्या हत्तींच्या सोंडाही बहुतेक फुटल्या आहेत. टिकून राहिली ती रोजची पूजा.

इ. स. २०१९ आणि २०२१ मध्यें कृष्णा-पंचगंगेच्या महापुरांनीं शिरोळ तालुका बुडविला. अशा पुरांच्या कांठीं हें देवालय आठशें वर्षें उभें आहे, हें मनांत आणलें म्हणजे त्या शिळा बसविणाऱ्या पाथरवटांस हात जोडावेसे वाटतात.

वाचकांपैकीं कोणी नृसिंहवाडीस दत्तदर्शनास गेल्यास त्यांनीं थोडी वांकडी वाट करून खिद्रापुरास अवश्य जावें. गांवांतील प्राचीन जैन मंदिरही पाहण्यासारखें आहे. कोपेश्वराचीं चित्रें मनसोक्त घ्यावींत, खांबही मोजावेत. पण घटकाभर गाभाऱ्यांत बसल्यावांचून परतूं नये. आणि घरांतील कोणाशीं अबोला असेल, तर शक्य तों त्यासच बरोबर न्यावें.