हा पिवळा इथे का?

फाइन आर्टच्या शेवटच्या वर्षाच्या मुला-मुलींनो,

सबमिशन तोंडावर आले आहे. हॉस्टेलच्या खोलीत टर्पेंटाइनचा आणि मॅगीचा वास एक झाला असेल, डेझर्टेशनची अर्धी पाने कोरी असतील. अशात पत्र वाचायला लावणे हा जुलूमच आहे. पण एक्स्टर्नल म्हणून मी बरीच वर्षे टेबलाच्या पलीकडे बसलो. तिथून जे दिसते ते तुम्हाला सहसा कोणी सांगत नाही, म्हणून लिहितो.

एका मुलीचा मोठा निळा-करडा कॅनव्हास होता. खालच्या कोपऱ्यात पिवळ्याची एक फट. मी विचारले, ‘‘हा पिवळा इथे का?’’ ती म्हणाली, ‘‘सर, पिवळा म्हणजे आशा.’’ मी मान हलवली आणि पुढच्या चित्राकडे वळलो. उत्तर चूक नव्हते, पण ते शेजारच्या मुलाच्या चित्रालाही चालले असते. नंतर चहाच्या वेळी तिच्या शिक्षकांकडून कळले, की ते चित्र आधी सगळेच पिवळे होते. जमेना म्हणून तिने वर करडा चढवला, मग तोही नाइफने खरवडायला घेतला, आणि तो कोपरा उघडा पडला तिथे तिचा हात थांबला. मी चहा तसाच ठेवून परत गेलो. ‘‘तिथेच का थांबलीस?’’ असे विचारल्यावर ती दहा मिनिटे बोलली. अडखळत, हातवारे करत, मधेच स्वतःवर वैतागत. मार्क मिळाले ते त्या दहा मिनिटांचे.

तुम्हाला वाटते परीक्षक अर्थ विचारतो. म्हणून तुम्ही स्मृती, अस्तित्व, अवकाश अशा शब्दांची पुरचुंडी बांधून येता. आता तर मोबाइलला सांगितले की तो असे शब्द ढिगाने काढून देतो. दुपारी चार वाजता, पंचविसाव्या विद्यार्थ्यापाशी पोचलेल्या, भजी खाऊन जडावलेल्या माणसाला (आम्हीही काही कमी सुस्त नसतो) हे शब्द ऐकूच येत नाहीत. ‘‘इथे आधी खिडकी होती, ती मी बुजवली’’ म्हटले की मात्र तो ताठ बसतो.

डेझर्टेशनचेही तेच. सावळाराम हळदणकरांचे ते दिवा घेतलेल्या बाईचे चित्र घ्या, म्हैसूरच्या जगन्मोहन पॅलेसमधले. ते राजा रविवर्म्याचे आहे असे मी किती प्रबंधांत वाचले त्याची गणती नाही. त्याच संग्रहालयात रविवर्म्याची चित्रे आहेत, त्यामुळे घोटाळा होत असावा. पण रविवर्मा १९०६ साली गेला आणि हे चित्र १९४० च्या दशकातले. सावंतवाडीच्या या चित्रकारासमोर मॉडेल म्हणून उभी होती ती त्याचीच मुलगी. बरे, नावाची चूक एका ओळीत दुरुस्त होते. खरी चूक पुढे होते. विद्यार्थी त्याला तैलचित्र समजून लिहीत सुटतो. ते जलरंगातले आहे. तैलरंगात उजेड शेवटी वरून ठेवता येतो. पारदर्शक जलरंगात तो लावता येत नाही, राखावा लागतो. ज्योतीआड धरलेल्या तळव्याची बोटे जिथे लालसर उजळली आहेत, तिथे किती कागद उघडा ठेवायचा हे चित्रकाराला अंधार चढवण्याआधीच ठरवायला हवे. इतके एक ध्यानात आले तरी तुमच्याकडे चार पाने लिहिण्याजोगे काही आहे. माध्यमच चुकले तर पुढची चाळीस पाने हवेत.

गायतोंड्यांवर लिहिणाऱ्यांची आणखी वेगळी तऱ्हा. झेन, ध्यान, मौन, आणि पानोपानी ‘अमूर्त’. हा शब्द स्वतः गायतोंड्यांना आपल्या चित्रांसाठी मान्य नव्हता. ते नॉन-ऑब्जेक्टिव्ह म्हणत. तेवढे तरी नोंदवा आणि का म्हणत असतील यावर डोके खाजवा. त्याहून बरे म्हणजे रोलर कुठे फिरला, नाइफने रंग कुठे ओढला, कुठे उचलला, हे शोधत त्या पृष्ठभागावर अर्धा तास घालवा. मौनाबद्दल लिहायचेच असेल तर ते तिथून वर येऊ द्या.

म्हणजे चित्रासमोर जायला हवे, हे ओघाने आलेच. मोबाइलवर सगळी चित्रे तळहाताएवढी दिसतात, भित्तिचित्र आणि लघुचित्र एकाच मापाचे. मुंबईच्या मुलांना संग्रहालयांची ददात नाही. आणि सातारा-सांगलीकडच्यांनी गाऱ्हाणे सांगू नये. औंधला यमाईच्या डोंगरावर भवानराव पंतप्रतिनिधींनी उभारलेले संग्रहालय आहे. तिथे रविवर्मा आहे, धुरंधर आहेत, आणि चक्क हेन्री मूरने दगडात घडवलेली आई आणि मूल. एसटीने जा, डबा न्या, एकाच चित्रापुढे बसा. परत आल्यावर ‘भारतीय कलेतील स्त्री’ असला सातबारा काढायची इच्छा राहणार नाही. एका चित्रातल्या एका बाईने हात कसा धरला आहे, एवढा विषय पुरतो.

वारली घेणारे दरवर्षी दोघेतिघे असतातच. तपकिरी कॅनव्हास, वर पांढरा अ‍ॅक्रिलिक, वर्तुळात नाच. मी एकच प्रश्न विचारतो: भिंत कुठे गेली? लग्नघरात गेरूने सारवलेल्या कुडावर तांदळाच्या पिठाने बायका चौक लिहितात. जिव्या सोमा म्हशांनी ते कागदावर आणले तेव्हा काय सुटले आणि काय नवे आले, यावर तुमचे स्वतःचे मत हवे. कुठलेही चालेल.

भाषेचे सांगायचे तर इंग्रजीचा धसका घेऊ नका. प्रभाकर बरव्यांनी ‘कोरा कॅनव्हास’ मराठीत लिहिले आणि चित्रकाराच्या डोक्यात काय चालते यावर त्या तोडीचे मला फार वाचायला मिळालेले नाही. तुमच्या कॉलेजात चालत असेल तर मराठीतच लिहा, आणि व्हायव्हाला घरच्या बोलीत बोला. एक चंद्रपूरकडचा मुलगा इंग्रजी वाक्ये पाठ करून आला होता. तिसऱ्याच वाक्याला गाडी रुतली. ‘‘घरी सांगशील तसं सांग’’ म्हटल्यावर त्याने मातीच्या तीन छटांमधला फरक असा सांगितला, की आम्ही दोघे परीक्षक त्याच्या कॅनव्हासला नाक लावून उभे.

राहिलेल्या किरकोळ गोष्टी. चित्राच्या पुढ्यात उभे राहू नका, बाजूला राहा. बिघडलेली कामे आणि स्केचबुक जवळ ठेवा. मी तरी आधी तेच मागतो. ‘कोणाचा प्रभाव?’ याला ‘कोणाचाच नाही’ म्हणू नका, कारण तो समोर भिंतीवर दिसत असतो. माहीत नसेल तर ‘माहीत नाही’ म्हणा आणि गप्प बसा, त्याचे मार्क कापलेले मी पाहिलेले नाहीत. डेझर्टेशनमधल्या प्रत्येक फोटोखाली चित्रकार, वर्ष, माध्यम, माप आणि ते चित्र कुठे आहे ते लिहा. आदल्या रात्री मेसच्या मावशींना चित्र दाखवा. त्या जे विचारतील ते आम्हाला सुचत नाही.

आणि रंग ओला असेल तर बाबांनो, आधी सांगा. त्या मुलीने सांगितले नव्हते. तो कोपरा जवळून बघायला मी वाकलो, आणि माझ्या खादीच्या झब्ब्याच्या उजव्या बाहीवर तो पिवळा अजून आहे.

तुमचा,
एक निवृत्त एक्स्टर्नल