नाईलच्या वाटेवर निघण्यापूर्वी

॥ श्री ॥

गारगोटी, ता. भुदरगड, जि. कोल्हापूर
मार्गशीर्ष शुद्ध पंचमी

चि. भाचीस व जावईबापूंस अनेक उत्तम आशीर्वाद. इकडील सर्व क्षेम.

पुरातन वास्तू पाहण्यासाठी काढलेल्या सहलीचे फळ केवळ मार्गदर्शकाच्या हाती नसते. पाहणारा घरून कोणती समज बरोबर घेऊन निघतो, यावर ते बरेचसे अवलंबून असते. इजिप्तच्या बाबतीत तर हे विशेषच खरे आहे, कारण पिरॅमिड, ममी आणि स्फिंक्स यांची चित्रे लहानपणापासून इतक्यांदा डोळ्यांखालून गेलेली असतात की प्रत्यक्ष दर्शनाच्या वेळी मन ओळखीची खूण पटवून पुढे सरकते आणि पाहायचे राहून जाते. माघातल्या सहलीची तयारी चालू असल्याचे कळल्यावरून हे पत्र लिहिले जात आहे आणि त्यातील सांगणे एकच आहे: इजिप्त हा दूरचा, परका चमत्कार समजून पाहू नये, वेदगंगेच्या आणि पंचगंगेच्या काठच्या माणसाला तो देश वाचता येतो, आणि ते वाचन कोल्हापुरातूनच सुरू करावे.

मार्गदर्शकासह गटाने इजिप्त पाहण्याची पद्धत जुनी आहे. थॉमस कुक या इंग्रज व्यावसायिकाने 1869 मध्ये, म्हणजे सुएझ कालवा खुला झाला त्याच वर्षी, आपला पहिला पर्यटक-गट नाईल नदीतून वर नेला. आज मराठी सहल कंपन्या जी आखणी करतात तिचा सांगाडाही साधारण तोच राहिलेला आहे: कैरोजवळचे पिरॅमिड, मग दक्षिणेला अस्वान, तेथून नदीतल्या बोटीने कोम ओम्बो आणि एडफू करीत लक्सर. या व्यवस्थेत दोन वेगळी माणसे असतात, हे लक्षात ठेवावे. कंपनीचा टूर मॅनेजर मुक्काम, जेवण आणि वेळ सांभाळतो. वास्तूंविषयी सांगणारा स्थानिक गाईड मात्र तेथील सरकारचा परवाना असलेला असतो. प्रश्न विचारायचे ते या दुसऱ्या माणसाला, आणि तासा-दीड तासात मंदिर उरकायचे असल्याने प्रश्न आधीच मनाशी ठरलेले असावेत.

त्यासाठी प्रथम गारगोटीहून सुमारे 50 किलोमीटरवर असलेल्या कोल्हापूरच्या टाऊन हॉलमधील वस्तुसंग्रहालयात जावे. पंचगंगेच्या काठी ब्रह्मपुरी नावाचे टेकाड आहे. तेथे 1940 च्या दशकात उत्खनने झाली, त्यांपैकी 1945-46 चे काम पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या ह. धी. सांकळिया आणि मो. गं. दीक्षित यांनी केले. सातवाहनकालीन वस्ती तेथे उजेडात आली आणि ब्रह्मपुरीच्या मातीतून रोमन घडणीच्या कांस्यवस्तूही मिळाल्या, ज्यांत पोसायडन या ग्रीक समुद्रदेवाची, वीतभरही उंची नसलेली, पण अंगाचा प्रत्येक स्नायू जिवंत वाटावा अशी मूर्ती आहे. भूमध्य समुद्राकाठचा देव सह्याद्रीच्या पूर्वेला कसा आला, या प्रश्नाचे उत्तर शोधू गेल्यास वाट इजिप्तमधूनच जाते.

रोमन साम्राज्याचा भारताशी चालणारा व्यापार मुख्यतः इजिप्तमार्गे होत असे. अलेक्झांड्रिया बंदरातला माल नाईलमधून वर कोप्टोस या गावापर्यंत येई, तेथून उंटांवर लादून वाळवंट ओलांडून तांबड्या समुद्रावरच्या मायोस होर्मोस आणि बेरेनिके या बंदरांत नेला जाई, आणि जुलैच्या सुमारास नैर्ऋत्य मोसमी वारा धरून जहाजे भारताच्या पश्चिम किनाऱ्याकडे निघत. स्ट्रॅबो या भूगोलवेत्त्याने मायोस होर्मोसहून भारताकडे 120 जहाजे जात असल्याचे नमूद केले आहे. पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ नावाच्या ग्रीक प्रवासपुस्तिकेत, जिचा अज्ञात लेखक इजिप्तमध्ये राहणारा व्यापारी होता, सोपारा, कल्याण, पैठण आणि तेर या महाराष्ट्रातील स्थळांचा उल्लेख आहे. बेरेनिके येथील मंदिरात भारतीय बनावटीच्या रांजणात साडेसात किलो काळी मिरी सापडली, आणि 2022 मध्ये तेथेच बुद्धमूर्तीही मिळाली. याच्या कितीतरी आधी, इ.स.पूर्व 1213 मध्ये वारलेल्या दुसऱ्या रामसेसच्या ममीच्या नाकपुड्यांत मिरीचे दाणे भरलेले होते, आणि मिरीचे मूळ स्थान मलबार आहे. म्हणून पोसायडनची ती मूर्ती दुर्मीळ वस्तू एवढ्याच नात्याने पाहू नये. ती एका लांब रस्त्याचे अलीकडचे टोक आहे आणि सहल त्याच्या पलीकडच्या टोकाला निघालेली आहे.

हा रस्ता चालता ठेवणारा पावसाळा इजिप्तच्या शेतीचाही पाया होता, ही गोष्ट सहसा सांगितली जात नाही. इजिप्तमध्ये पाऊस जवळजवळ पडत नाही. नाईलला येणारा पूर हा इथिओपियाच्या डोंगराळ प्रदेशात जून ते सप्टेंबर पडणाऱ्या मोसमी पावसाचा असे. म्हणजे सह्याद्रीवर ढग उतरून वेदगंगा गढूळ होते, त्याच महिन्यांत तिकडे नाईल चढत असे. प्राचीन इजिप्ती पंचांगात वर्षाचे तीनच ऋतू होते: अखेत म्हणजे पुराचा, पेरेत म्हणजे पेरणी-उगवणीचा आणि शेमू म्हणजे सुगीचा. पूर ओसरल्यावर मागे राहणारा काळा गाळ हेच तेथले खत होते, आणि त्या मातीवरूनच लोक आपल्या देशाला केमेत, म्हणजे काळी भूमी, म्हणत. कोम ओम्बोच्या मंदिरात नाईलमापक नावाची पायऱ्यांची खोल विहीर आहे, तिच्यात पाणी किती चढले यावरून पिकाचा अंदाज बांधला जाई आणि सारा ठरे. शेतकऱ्याच्या घरात वाढलेल्या माणसाने तेथे थोडे अधिक थांबावे.

पिरॅमिडांविषयी आकडे सर्वत्र मिळतात: सक्काऱ्याचा जोसर राजाचा पायऱ्यांचा पिरॅमिड इ.स.पूर्व 2650 च्या आसपासचा. गिझाचा खुफूचा पिरॅमिड त्यानंतर शतकभराने उभा राहिलेला, मूळ उंची सुमारे 146 मीटर आणि दगड अंदाजे 23 लाख. परंतु हे दगड कोणी वाहिले, हा प्रश्न अधिक मोलाचा आहे. 2013 मध्ये तांबड्या समुद्राकाठी वादी अल-जर्फ येथे पपायरसचे, म्हणजे नदीकाठच्या लव्हाळ्यापासून केलेल्या कागदाचे, आजवर सापडलेल्यांपैकी सर्वांत जुने लिखित तुकडे मिळाले. त्यांत मेरेर नावाच्या मुकादमाची रोजनिशी आहे. सुमारे 40 जणांची टोळी घेऊन तो तुरा येथील खाणीतला चुनखडीचा दगड बोटीने गिझाला पोहोचवी आणि कोणत्या दिवशी कोठे मुक्काम झाला हे लिहून ठेवी. उसाच्या पट्ट्यात टोळी आणि मुकादम हे शब्द समजावून सांगावे लागत नाहीत. पिरॅमिडांजवळ बांधकामावरच्या कामगारांच्या कबरी आणि पाव भाजण्याच्या भट्ट्याही सापडल्या आहेत. त्यामुळे चाबकाखाली राबणाऱ्या गुलामांनी पिरॅमिड बांधले ही समजूत अभ्यासकांनी मागे टाकली आहे.

अस्वानच्या खाणीत एक अपूर्ण ओबेलिस्क पडून आहे. ओबेलिस्क म्हणजे एकाच अखंड दगडातून काढलेला, वर निमुळता होत जाणारा चौकोनी स्तंभ. हा पुरा झाला असता तर जवळजवळ 42 मीटर उंच आणि हजार टनांहून अधिक वजनाचा झाला असता, पण कोरतानाच ग्रॅनाइटला तडा गेला आणि तो सोडून द्यावा लागला. कठीण डोलेराइटचे गोळे हाताने आपटून दगड झिजवल्याच्या खुणा त्याच्या अंगावर स्पष्ट दिसतात. उभ्या स्तंभावर राजाचे नाव असते. या आडव्या पडलेल्या दगडावर मजुराचा हात दिसतो, म्हणून गटातील इतरांना ही जागा रुक्ष वाटली तरी ती टाळू नये.

लक्सरच्या कर्नाक मंदिरातील स्तंभमंडपात 134 खांब आहेत आणि मधल्या रांगांतील खांब 20 मीटरहून उंच आहेत. तेथे जाण्यापूर्वी शिरोळ तालुक्यातील खिद्रापूरचे, शिलाहारकालीन कोपेश्वर मंदिर पुन्हा एकदा पाहून घ्यावे. दोन्ही ठिकाणी खांबांच्या गर्दीत प्रकाश कसा आणायचा हाच प्रश्न शिल्पकारांपुढे होता: कर्नाकमध्ये मधले छत उंच उचलून बाजूला दगडी जाळ्या ठेवल्या गेल्या, तर खिद्रापूरच्या 48 खांबांच्या स्वर्गमंडपात माथ्यावरचे वर्तुळ मोकळेच सोडून आकाश आत घेतले गेले. मोठे कोणते हा विचार येथे गैरलागू आहे. एका प्रश्नाची दोन उत्तरे म्हणून ती पाहावीत.

सूर्यप्रकाशाचा असाच एक दुवा अबू सिंबेलला आहे. दुसऱ्या रामसेसने डोंगरात कोरवलेल्या या मंदिराच्या गाभाऱ्यात 22 फेब्रुवारी आणि 22 ऑक्टोबर या दिवशी उगवत्या सूर्याची किरणे पोहोचतात आणि तेथील चारांपैकी तीन मूर्ती उजळतात. चौथी, अंधाराशी नाते असलेल्या प्ताह या देवाची, छायेतच राहते. करवीरनिवासिनी अंबाबाईच्या किरणोत्सवात मावळतीची किरणे चरणांपासून मुखापर्यंत चढताना ज्याने पाहिली, त्याला या योजनेमागची बुद्धी आणि भक्ती वेगळी समजावून सांगावी लागणार नाही. किरणांची वाट मोकळी ठेवणे ही पुढच्या पिढ्यांची जबाबदारी असते, हेही दोन्ही ठिकाणी सारखेच कळते. अस्वानच्या मोठ्या धरणामुळे अबू सिंबेल पाण्याखाली जाणार होते. 1964 ते 1968 या काळात युनेस्कोच्या पुढाकाराने मंदिर हजाराहून अधिक तुकड्यांत कापून सुमारे 65 मीटर उंच जागी पुन्हा उभारले गेले, आणि तेही किरणांची दिशा सांभाळून. परंतु त्याच धरणासाठी नुबियन लोकांची गावेच्या गावे उठली, हजारो कुटुंबे नदीकाठ सोडून गेली, आणि 1970 मध्ये धरण पुरे झाल्यावर नाईलचा वार्षिक पूर इजिप्तपुरता कायमचा थांबला. कोल्हापूर जिल्ह्यात ‘धरणग्रस्त’ या शब्दाचा अर्थ घराघराला ठाऊक आहे. म्हणून अस्वानजवळच्या रंगीत नुबियन वस्तीत बोट थांबली की केवळ छायाचित्रे न काढता तेथील वडीलधाऱ्यांचे मूळ गाव कोणते, एवढे आदराने विचारावे.

लक्सरजवळच्या राजांच्या दरीतील थडग्यांत मृताचा परलोकीचा प्रवास भिंतींवर रंगवलेला असतो: सूर्याची नौका रात्रीचे बारा तास ओलांडते, आणि अन्यत्र पपायरसांवर मृताचे हृदय मात या सत्यदेवतेच्या पिसाशी तोलले जाते. भुदरगड परिसरातील वीरगळ ज्याला वाचता येतो, म्हणजे खालच्या चौकटीतले युद्ध, मधल्या चौकटीतल्या अप्सरा आणि वरच्या चौकटीतली शिवपूजा असा चढता क्रम ज्याला ठाऊक आहे, त्याला चित्रकथेची ही रीत लगेच ओळखता येईल. लेखांमध्ये दोरीच्या लांबट वेढ्यात बसवलेली चिन्हे दिसली की ते राजाचे नाव समजावे. त्या वेढ्याला कार्तूश म्हणतात आणि त्याच्याच आधाराने शांपोल्यों या फ्रेंच पंडिताने 1822 मध्ये ही चित्रलिपी उलगडली. थडगी रंगवणारे कारागीर जवळच देर अल-मदिना या वस्तीत राहत. तिसऱ्या रामसेसच्या कारकिर्दीच्या 29 व्या वर्षी, धान्यरूपाने मिळणारा पगार थकल्यामुळे, त्यांनी काम थांबवून मंदिरापाशी ठाण मांडले. इतिहासात नोंदलेला हा पहिला संप मानला जातो. दरीतील तुतनखामनच्या थडग्याला जेवढा वेळ दिला जाईल, त्याच्या निम्मा तरी या वस्तीसाठी मागून घ्यावा.

कैरोजवळ गिझा येथे 1 नोव्हेंबर 2025 रोजी रीतसर उद्घाटन झालेल्या भव्य संग्रहालयात तुतनखामनच्या 5000 हून अधिक वस्तू आहेत, तर राजघराण्यातील ममी 2021 पासून कैरोतल्या फुस्तात येथील संस्कृती संग्रहालयात ठेवलेल्या आहेत. ममी हे माणसाचे पार्थिव आहे. तेथे मौन पाळावे, हसणे आणि छायाचित्रे टाळावीत. भिंतींवरचे रंग तीन हजार वर्षे टिकले असले तरी हाताच्या घामाने आणि श्वासाच्या दमटपणाने ते झिजतात, म्हणून स्पर्श करू नये, आणि जुनी म्हणून कोणी एखादी वस्तू विकू पाहिली तर ती घेऊ नये. सहलीहून आणण्याजोगी खरी वस्तू म्हणजे रोज रात्री बोटीवर लिहिलेली चार ओळींची टिपणवही. मेरेर मुकादमाने साडेचार हजार वर्षांपूर्वी तेवढेच केले होते, आणि म्हणूनच त्याची टोळी आज माहीत आहे.

परतल्यावर गारगोटीला येताना पुन्हा टाऊन हॉलवरून यावे. तांबडा समुद्र ओलांडून आलेल्या डोळ्यांना तो छोटा पोसायडन निराळा दिसतो की तसाच, एवढे त्या वहीच्या शेवटच्या पानावर लिहून आणावे. घराजवळच्या देवळाच्या आवारात अर्धे मातीत गेलेले दोन वीरगळ आहेत. ते सरळ करून आडोशाला उभे करण्याचा मामाचा मानस आहे, त्या कामाला दोघांचेही हात लागावेत.

थंडीचे कपडे बरोबर असावेत, वाळवंटात रात्री गारठा असतो. पत्राची पोच द्यावी. कळावे, लोभ असावा.

मामाचे अनेक आशीर्वाद