पाण्याखालचे गाव आणि पाण्यावरचा किल्ला

बी. ए. भाग २

आमच्या मोर्शीच्या माणसाला 'सागर' हा शब्द नवा नाही. सिंभोऱ्याच्या ऊर्ध्व वर्धा धरणाच्या जलाशयाला 'नलदमयंती सागर' असेच नाव आहे. पावसाळ्यात त्याचे तेरा दरवाजे उघडले की पाहायला गर्दी लोटते. आमच्या घरचे मात्र कुणी त्या गर्दीत जात नाही. १९९३ साली पुऱ्या झालेल्या त्या धरणाच्या पाण्याखाली आमचे जुने गाव आहे. आजी आजही धरणाला धरण म्हणत नाही. 'ते पानी' एवढेच म्हणते.

अशा घरातला मी, खरा समुद्र पाहायला निघालो. संत्र्याच्या तोडीला जाऊन जमवलेली मजुरी खिशात होती आणि मामेभाऊ अलिबागला एका खानावळीत कामाला होता. त्याला एकच दिवसाची सुटी मिळाली. त्यामुळे सहलही एका दिवसाची ठरली.

मार्गशीर्षातली पौर्णिमा होती. पहाटे किनाऱ्यावर गेलो आणि माझी निराशाच झाली. समुद्र जागेवर नव्हता! ओली वाळू थेट कुलाबा किल्ल्याच्या दरवाजापर्यंत पसरली होती. भाऊ हसून म्हणाला, "अबे, ओहोटी आहे. पौर्णिमा-अमावास्येला सकाळी पाणी असंच दूर जाते. चाल, पायीच जाऊ." कान्होजी आंग्र्यांच्या आरमाराने गाजलेल्या त्या जलदुर्गात मी चक्क चपला हातात घेऊन चालत गेलो. आत गोड्या पाण्याचे तळे पाहिले. चहूकडे खारट पाणी आणि मध्ये गोडे. पाण्याचाही स्वभाव असतो म्हणायचा. भावाने घाई केली तेव्हा परतलो. मागे वळून पाहिले, तर आमची पावले उमटली होती तेथे पाणी आले होते.

माझ्या छातीत धस्स झाले. आमच्याकडे पाणी असेच आले होते, असे आजी सांगते. आधी शेताच्या बांधाशी, मग उंबरठ्याशी. फरक एवढाच की ते परत गेले नाही.

अलिबागहून एस. टी.ने मुरूडला निघालो. अंतर पन्नास किलोमीटरच्या आसपास. पण खिडकीशी बसलेल्या वऱ्हाडी मुलाला ते पुरेना. चौल, रेवदंडा, मग कुंडलिकेच्या खाडीवरचा पूल. पलीकडे कोर्लई. पोर्तुगीजांची सत्ता येथून १७४० साली गेली; पण कोर्लई गावातली काही ख्रिस्ती कुटुंबे पोर्तुगीज आणि मराठी यांच्या मिश्रणातून झालेली स्वतःची बोली आजही घरात बोलतात. राज्य गेले तरी बोली राहिली. आमच्या वर्गात मी 'मले-तुले' म्हटले की काही जण हसतात, त्याची मला त्या पुलावर आठवण झाली.

काशीदला सुरूची बने आणि पांढरी वाळू. पुढे नांदगाव, मग टेकडीवरचा नबाबाचा राजवाडा, मुरूड आणि राजपुरीचा धक्का. भरती पुरी चढली होती. शिडाच्या होडीत पाय ठेवताना माझे गुडघे कापत होते, हे कबूल करतो. होडीवाल्याने पाहिले आणि काही न बोलता मला मध्यभागी बसवले.

'जंजिरा' हा शब्दच अरबी 'जझीरा'वरून, म्हणजे बेट या अर्थाच्या शब्दावरून आलेला. होडी तटाला अगदी भिडेपर्यंत दरवाजा दिसत नाही. आत तोफा आहेत, गोड्या पाण्याची दोन तळी आहेत. समोर शिवाजी महाराजांनी बांधलेला पद्मदुर्ग दिसतो. संभाजी महाराजांनी १६८२ साली किनाऱ्यापासून किल्ल्यापर्यंत समुद्रात भराव घालायचा प्रयत्न केला. तरी जंजिरा हाती आला नाही. सिद्दींचे हे संस्थान १९४८ साली भारतात विलीन झाले.

तटावर उभा राहून मी पश्चिमेकडे पाहात होतो. हे सिद्दी मूळचे हबसाणातले, म्हणजे आफ्रिकेच्या पूर्व भागातले. कुणी खलाशी म्हणून आले, कुणी शिपाई म्हणून आणि कित्येक तर विकली गेलेली मुले म्हणून. निजामशाहीचा वजीर झालेला मलिक अंबरही असाच लहानपणी विकला गेलेला. इतिहासाच्या पेपरात मी त्याच्यावर टीप लिहिली होती. पण त्यालाही एक गाव असेल, हे तेव्हा सुचले नव्हते. ज्या मोसमी वाऱ्यावर तिकडची गलबते इकडे येत, तोच वारा पुढे आमच्या वऱ्हाडात मृगाचा पाऊस आणतो. मग हा समुद्र मला परका कसा?

परत अलिबागला पोचलो तेव्हा अंधार पडला होता. चांदण्यात किनाऱ्यावर गेलो. पाणी पुन्हा मागे सरले होते आणि सकाळची वाळू उघडी पडली होती; पावले मात्र पुसली गेली होती. उन्हाळ्यात धरण आटले की आमच्या जुन्या मारुतीच्या देवळाचा चौथरा असाच वर येतो. वडील त्या दिवसांत एकटेच सायकल घेऊन कुठे जातात, ते मला त्या वाळूवर उभे असताना कळले.

आजीसाठी मी बाटलीत समुद्राचे पाणी भरून आणले. तिने बोट बुडवून चाखले आणि तोंड वाकडे केले. "ना प्याच्या कामाचं, ना वलिताच्या," ती म्हणाली. मग बराच वेळ बाटलीकडे पाहात राहिली आणि हळूच विचारले,

"काय रे बाप्पा, त्याच्याखाली बी कोनाचं गाव हाये का?"

मला उत्तर देता आले नाही. या उन्हाळ्यात पाणी उतरले की वडिलांबरोबर चौथऱ्यापर्यंत जायचे, आणि आजीलाही न्यायचे, एवढे मात्र मी ठरवले आहे.