तोरणमाळची वाट

चैत्र सरत आला, की धुळ्याहून दोंडाईच्याकडे जाणारा रस्ता तव्यासारखा तापतो. पश्चिमेचे ढग सह्याद्रीवरच रिते होतात आणि या मुलखाच्या वाट्याला थोडाच पाऊस येतो. बुराई नदीच्या पात्रात पाण्याऐवजी वाळू चमकत असते. कपाशी निघून गेलेली काळी जमीन भेगाळलेली असते. बांधावरचे निंब तेवढे हिरवे राहतात.

अशा एका सकाळी शिंदखेडा तालुक्यातील एक बारा वर्षांचा मुलगा आजोबांसह एस.टी.त बसला होता. परीक्षा संपल्यावर तोरणमाळचा तलाव दाखवीन, असे वचन आजोबांनी दिले होते. मुलाच्या गावी उन्हाळ्यात टँकर येई. रांगेत उभे राहून दोन घागरी भरणे हे त्याचे रोजचे काम. पाणी त्याला घागरीच्या मापानेच ठाऊक होते.

दोंडाईचा मागे पडले. सारंगखेड्याच्या पुलावरून तापीचे रुंद पात्र दिसले. येथेच दत्तजयंतीला घोड्यांचा मोठा बाजार भरतो. पुढे शहाद्याजवळ उसाचे व केळीचे मळे लागले आणि डोळे निवले. मग सातपुडा समोर उभा राहिला. घाटात वळणामागून वळण येऊ लागले. सागाची पाने गळून गेली होती. मोहाखाली पावरा स्त्रिया उरलीसुरली फुले टोपलीत वेचीत होत्या.

तोरणमाळ १९९८ पर्यंत धुळे जिल्ह्यात होते. त्या वर्षी नंदुरबार हा वेगळा जिल्हा झाला. सुमारे ११५० मीटर उंचीवरच्या या पठारावर यशवंत तलाव आहे. त्याच्या काठी पोहोचताच मुलगा थबकला. भोवती डोंगर आणि मधे वाऱ्याने हलणारे निळे पाणी! त्याने ओंजळ भरली, रिती केली, पुन्हा भरली.

“आबा, डोंगराच्या माथ्यावर एवढे पाणी, मग आपल्या विहिरीत का नाही?”

आजोबा काही वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, “पाऊस पाहुण्यासारखा असतो, बाळा. झाडे आणि माती त्याला धरून ठेवतात. इथे त्याला थांबायला जागा आहे. आपल्या टेकडीवर पूर्वी अंजनाची झाडे होती. चुलीसाठी, खांबांसाठी आम्ही ती तोडली. त्यांत माझीही कुऱ्हाड होती. आता पाऊस येतो, तो माती घेऊन नदीला जातो.”

मुलाने आजोबांकडे पाहिले. त्यांनी असे काही पूर्वी कधी सांगितले नव्हते.

परतीच्या वाटेवर घाटाच्या पायथ्याशी गाडी थांबली. आजोबा उतरले आणि एका झाडाखालच्या वाळलेल्या, चपट्या शेंगा वेचू लागले.

“अंजनाच्या आहेत,” ते म्हणाले. “हे झाड फार सावकाश वाढते. त्याची सावली पाहायला मी नसेन.”

मुलाने भाकरीचे फडके झटकले, शेंगा त्यात बांधल्या आणि घर येईपर्यंत ती पुरचुंडी हातातून खाली ठेवली नाही.